सोय तुमची, निर्णय त्यांचा

पत्र:

ताई,

यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या देखभाल विभागात मी अकरा वर्षं काम करते. मध्यंतरी आमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. गेली तीन वर्षं त्यांचं बरंचसं काम मीच बघत होते. कामाचं वेळापत्रक लावणं, सुट्या भागांची मागणी नोंदवणं, ग्राहकाकडचं यंत्र बंद पडलं की कुणाला पाठवायचं ते ठरवणं, सगळंच. जागा मिळाली माझ्या सहकाऱ्याला. चार वर्षांपूर्वी तो रुजू झाला तेव्हा त्याला काम मी शिकवलं होतं. (त्यालाही दोन वर्षांची मुलगी आहे, पण ते असो.)

नाव जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “तुमचा मुलगा लहान आहे, हे फिरतीचं काम. तुमची ओढाताण नको म्हणून तुमचं नाव पुढे पाठवलं नाही.” मी “थँक यू सर” म्हणून बाहेर आले. त्या थँक यूची मला अजून लाज वाटते.

पुढे बोलता बोलता त्या सहकाऱ्याकडूनच कळलं की या बढतीच्या आधीपासून, आमचं पद एकच असताना, त्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता. तोही ओशाळला. त्याशिवाय आठवड्याच्या मीटिंगचं इतिवृत्त, निरोप समारंभाची वर्गणी, नव्या मुलांना रुळवणं हे सगळं माझ्याचकडे. विभागात नऊ जण आहोत, त्यात मी एकटी बाई.

दुसऱ्या विभागातल्या एका वरिष्ठ बाईंपाशी मन मोकळं केलं, तर म्हणाल्या, “आमच्या वेळी याहून वाईट होतं. तुला निदान बोलावून सांगितलं तरी.” नवरा म्हणतो, एवढा त्रास होत असेल तर सोडून दे. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा त्यांनीच मला मीटिंगमधून उठवून घरी पाठवलं होतं. मग मला हे एवढं का लागावं? मी जास्तच मनावर घेतेय का? तक्रार करू, गप्प बसू की नोकरी सोडू?

— एक वाचक

उत्तर:

मैत्रिणी,

‘जास्तच मनावर घेतेय का?’ या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमची गाडी तिथेच अडली आहे. नाही, जास्त घेत नाही आहात. मला तर वाटतं, गेली तीन वर्षं तुम्ही फारच कमी मनावर घेतलंत. पद दुसऱ्याचं आणि काम तुमचं, हे इतकं अंगवळणी पडलं की जागा रिकामी झाल्यावर ती आपोआप तुमच्याकडे येईल असं तुम्ही धरून चाललात. तुम्ही ती मागितली होती का, हे पत्रात कुठेच नाही. हा तुमच्यावर ठपका नाही. पण याकडे आपल्याला पुन्हा यावं लागेल.

आधी साहेबांचं ते वाक्य घेऊ. मुलगा लहान आहे, हे खरं. काम फिरतीचं आहे, हे किती खरं ते पुढे बघू. ओढाताण होईल, हा त्यांचा अंदाज. म्हणून नाव पाठवलं नाही, हा त्यांचा निर्णय. अंदाज आणि निर्णय यांच्या मधोमध एक वाक्य यायला हवं होतं: “तुम्हाला जमेल का?” पाच सेकंदांचा प्रश्न. तोच गाळला गेला. ओढाताण तुमची, मूल तुमचं, संसार तुमचा आणि हिशोब मात्र परस्पर त्यांनी मांडला. तुम्हाला लागलंय ते हे. पद गेल्याचं दुःख वेगळं असतं, ते चार महिन्यांत ओसरतं. आपल्या आयुष्याबद्दल आपल्यालाच विचारलं गेलं नाही, हे मात्र आत रुतून बसतं.

आता तुमच्या पत्रातला तो कंस. ‘त्यालाही दोन वर्षांची मुलगी आहे, पण ते असो.’ का असो? अख्ख्या पत्रातला सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्ही कंसात कोंबलात आणि वर ‘असो’चं कुलूप घातलंत. त्याची मुलगी तुमच्या मुलाएवढी किंवा त्याहून लहान असेल. तिच्यामुळे त्याची ओढाताण होईल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. लहान मूल पुरुषाच्या बायोडेटात ‘जबाबदार माणूस’ म्हणून वाचलं जातं आणि बाईच्या बायोडेटात ‘अडचण’ म्हणून.

हे मी हवेत बोलत नाही. २००७ साली अमेरिकेत शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच तोडीचे अर्ज तयार केले, काहींत अर्जदाराला मूल असल्याचा ओझरता उल्लेख केला, आणि लोकांना ते जोखायला सांगितलं. अर्जातली बाई आई आहे असं दिसलं की तिची क्षमता कमी धरली गेली, कामावरची निष्ठा कमी धरली गेली, उशिरा येण्याची सवलतही तिला कमी मिळाली. सुरुवातीचा पगार तर मूल नसलेल्या बाईपेक्षा वर्षाला सुमारे ११ हजार डॉलरने कमी सुचवला गेला. वडिलांना असा काही दंड बसला नाही. अर्ज तोच, अनुभव तोच. फरक फक्त एका ओळीचा, आणि ती ओळ कोणाच्या नावापुढे आली याचा.

यावरून मला सी. बी. मुथम्मा आठवतात. भारताच्या परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला. त्या सेवेत तेव्हा असा नियम होता की स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि घरच्या जबाबदाऱ्यांमुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. बढती नाकारल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमावर कडक ताशेरे ओढले. त्यांचं म्हणणं साधं होतं: घरच्या जबाबदाऱ्या स्त्रीच्या कामात आड येऊ शकत असतील, तर पुरुषाच्याही येऊ शकतात, मग नियम एकालाच कसा? तुमच्या साहेबांनी तोच नियम चाळीसहून जास्त वर्षांनी केबिनमध्ये बसून तोंडी लावला. फक्त गोड आवाजात. आणि एक गंमत सांगते. खटला चालू असतानाच मुथम्मांना ती बढती मिळाली. तोवर दिसत नसलेली पात्रता, कोणी जाहीरपणे कारण विचारल्यावर दिसायला लागली.

साहेब वाईट नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटतं, आणि त्याचं कारण सांगायला मला थोडं अवघड जातंय. मीही हे केलंय. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली सहा माणसं होती. त्यातली एक मुलगी गरोदर होती. एक मोठं, नाव मिळवून देणारं काम आलं, आणि मी ते तिच्या शेजारच्या टेबलावर दिलं. “तू आता स्वतःला जप,” असं तिला म्हणाले. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, किती समजूतदार वरिष्ठ आहोत आपण म्हणून. दोन वर्षांनी नोकरी सोडताना ती म्हणाली, “मॅडम, त्या कामासाठी मी आधी महिनाभर तयारी केली होती. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.” मी बाई होते, आई होते, आणि तरीही विचारलं नव्हतं. म्हणून सांगते, तुमच्या साहेबांच्या मनात दुष्टावा शोधत बसू नका. सापडणार नाही. आणि तो सापडत नाही म्हणून अन्याय झालाच नाही, असंही समजू नका. तापलेल्या मुलासाठी घरी पाठवणारा माणूस आणि नाव परस्पर खोडणारा माणूस एकच असू शकतो. पहिल्याबद्दल त्यांचे आभार माना. दुसऱ्याबद्दल जाब विचारा. एकाच्या भिडेपोटी दुसरं सोडून देऊ नका.

राहिलं ते थँक यू. धक्का बसला की तोंडातून सवयीचे शब्द निघतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या दिवशीचं बोलणं तिथेच संपलं, असंही काही नाही. केबिनचं दार अजून आहे.

आत जाण्याआधी मात्र एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या, आणि इथे मला खरं उत्तर हवंय. ते पद तुम्हाला हवं होतं का? फिरतीसकट? ‘डावललं गेलं’ याचा राग आणि ‘हवं होतं’ ही इच्छा यांची सरमिसळ होते. फिरती नको असेल तर तसं म्हणण्यात काही कमीपणा नाही, मागणी फक्त बदलेल. हवी असेल तर ती कशी निभवायची याचा विचार तुमच्याकडे तयार हवा.

पण त्याआधी एक हिशोब करा. आधीचे विभागप्रमुख वर्षातले किती दिवस खरोखर बाहेर होते? वेळापत्रक तुम्ही लावत होतात, म्हणजे हा आकडा साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त नेमका सांगता येईल. ग्राहकाकडे माणसं पाठवायचं काम तर तुम्ही तीन वर्षं तुमच्या टेबलावरून करत होतात. मग विभागप्रमुखाने स्वतः किती वेळा जायला हवं? दर महिन्याला दहा दिवस, की वर्षभरात दहा दिवस? क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला तो स्त्रियांच्या रोजगाराच्या अभ्यासासाठी. त्यांच्या कामातला एक महत्त्वाचा धागा असा की बऱ्याच नोकऱ्या कौशल्यापेक्षा ‘केव्हाही हाक मारा, हजर आहे’ या तयारीला अवाच्या सवा जास्त पैसे देतात. मूल झालं की जोडप्यातला एक जण तशी नोकरी धरतो, दुसरा घराला हाताशी राहील अशी, आणि दुसरा कोण ते आपल्याला माहीत आहे. पण त्यांचं म्हणणं असंही आहे की कामाची रचना बदलता येते; एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकला की ही तफावत कमी होते. तुमच्या विभागात ती रचना आधीच बदललेली असण्याची शक्यता आहे. बदलणाऱ्या तुम्हीच. फक्त पदाच्या वर्णनात अजून जुनी फिरती लिहिलेली आहे.

आता पगार. तुमच्या तीन दुखण्यांपैकी हे मोजता येणारं, आणि म्हणून सगळ्यात हाताळण्याजोगं. बढतीत ‘एकंदर विचार करून’ असं म्हणून सुटता येतं. एकाच पदावर, एकाच विभागात, सात वर्षं मागून आलेल्या माणसाला जास्त पगार का, याला ‘एकंदर’ हे उत्तर होत नाही. कारण असेलही. त्याने येताना घासाघीस केली असेल, आधीच्या नोकरीचा पगार दाखवला असेल, बाजारभाव वाढल्यावर तो आला असेल. पण ते कारण त्यांनी सांगावं. तुम्ही त्यांच्या वतीने मनातल्या मनात शोधून स्वतःला समजावू नका.

यात एक जुनं तत्त्व तुमच्या कामाला येईल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान मोबदल्याचा करार, क्रमांक १००, हा १९५१ चा आहे. त्यात शब्द आहेत ते समान ‘मूल्याच्या’ कामाला समान मोबदला असे. काम हुबेहूब तेच असायला हवं असं नाही. उद्या कोणी म्हणालं, “तो जास्त साईटवर जातो, तुम्ही वेळापत्रक बघता, कामं वेगळी आहेत,” तर विचारायचं ते हे की दोन्हींत कौशल्य किती, जबाबदारी किती, आणि एक थांबलं तर विभागाचं काय होईल.

पण पगाराचा आकडा तुम्हाला त्या सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलाय. तो वापरण्याआधी त्याला विचारा. नकार दिला तर आकडा न उच्चारता “माझ्या पदावरच्या लोकांमध्ये माझा पगार कुठे बसतो, हे मला लेखी कळेल का?” एवढं विचारता येतं. तो तुमचा शत्रू नाही. ओशाळला, म्हणजे त्याला कळतंय. त्याला हेही सांगून ठेवा की तुमची लढाई त्याच्या खुर्चीशी नाही. उद्या तो वरिष्ठ म्हणून तुमचं मूल्यमापन लिहील. तीन वर्षं ते काम कोण करत होतं याचा साक्षीदारही तोच आहे.

एक गोष्ट मात्र सैल सोडू नका, ती म्हणजे वेळ. लिली लेडबेटर नावाच्या एक बाई अमेरिकेत टायरच्या कारखान्यात पर्यवेक्षक होत्या. १९७९ मध्ये लागल्या. १९९८ मध्ये कोणीतरी नाव न घालता एक चिठ्ठी त्यांच्यासाठी ठेवली, त्यात त्यांचा आणि त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांचा पगार लिहिलेला. महिन्याला त्यांना ३,७२७ डॉलर. पुरुषांमध्ये सगळ्यात कमी पगार असलेल्याला ४,२८६. त्या कोर्टात गेल्या, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तक्रार उशिरा केली, पगार ठरवल्यापासून १८० दिवसांच्या आत करायला हवी होती. ज्या गोष्टीचा पत्ताच नव्हता तिची तक्रार वेळेत कशी करायची, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पुढे २००९ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला आणि प्रत्येक कमी पगाराबरोबर मुदत नव्याने सुरू होईल असं ठरलं. स्वतः लेडबेटरना मात्र त्या थकलेल्या पैशातलं काही मिळालं नाही. तुम्हाला कळलंय. ज्या दिवशी कळलं ती तारीख आजच लिहून ठेवा.

आता केबिन. आधी एक छोटा मेल टाका: ‘विभागप्रमुख पदाची निवड आणि माझा पगार याबद्दल बोलायचं आहे, अर्धा तास हवा.’ विषय स्पष्ट लिहा. ‘थोडं बोलायचं होतं’ असं लिहिलंत तर जाता येता दोन मिनिटांत निकाल लागेल. बरोबर एक पानाचा कागद न्या, एकच पान. गेल्या तीन वर्षांत किती बिघाडांची कामं तुम्ही मार्गी लावलीत, सुट्या भागांची मागणी कशी सुधारली, किती जणांना शिकवलंत आणि त्यातला एक आज विभागप्रमुख आहे, आणि तो फिरतीच्या दिवसांचा आकडा. हे तुमच्या स्वतःच्या नोंदींवरून काढा. कंपनीच्या गोपनीय फायली घरी नेणं, दुसऱ्यांचे मेल स्वतःला पाठवून ठेवणं असलं काही करू नका. न्याय मागायला गेलेली माणसं त्याच कारणाने अडकलेली मी पाहिली आहेत.

आत गेल्यावर पहिलं वाक्य “मला वाईट वाटलं” हे नको. वाईट वाटलंच आहे. पण त्या वाक्याला “अहो, वाईट वाटून घेऊ नका” एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी असं काहीसं: “सर, त्या दिवशी मी गडबडून थँक यू म्हणाले. विचार केल्यावर लक्षात आलं की मला ते पद हवं होतं आणि मला विचारलं गेलं नाही. निवडीचे निकष काय होते?” मग गप्प बसा. ही शांतता तुम्हाला असह्य होईल आणि तुम्ही ती भरून काढायला धावाल, “म्हणजे मला तसं म्हणायचं नाही सर, पण…” असं काहीतरी. नका धावू. ती शांतता त्यांनी भरायची आहे.

ते म्हणतील, “तुमच्या भल्याचाच विचार केला.” त्यावर भांडू नका. “ते मला माहीत आहे. यापुढे माझ्या घरच्या गोष्टींवरून काही ठरवायचं असेल तर आधी मला विचाराल ना?” आणि लगेच, “हाच विचार बाकीच्यांच्या बाबतीत झाला का?” त्या दोन वर्षांच्या मुलीचं नाव तुम्ही घ्यायचं नाही. त्यांना आपसूक आठवेल. ते म्हणतील, “पुढच्या वेळी नक्की बघू.” तर विचारा, पुढची वेळ म्हणजे कधी, आणि तोवर माझ्यात काय असायला हवं? ते म्हणतील, “पगाराचं माझ्या हातात नाही.” मग कुणाच्या हातात आहे आणि त्यांच्याकडे माझं म्हणणं कधी जाईल? बाहेर आल्यावर त्याच दिवशी दुसरा मेल: ‘आज आपलं जे बोलणं झालं त्यातलं मला समजलेलं असं…’ चार ओळी. त्यात नाव जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी साहेब बोलले ते वाक्यही, जसंच्या तसं. त्यांनी खोडलं नाही तर ते कागदावर आलं.

इतकं करून हालचाल झाली नाही, तर एचआरकडे लेखी तक्रार. संघटना असेल तर तिच्यामार्फत. आणि नोकरी सोडण्याच्या आधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा भेटा, सोडल्यानंतर नाही. राजीनाम्यानंतर बऱ्याच वाटा अरुंद होतात. तक्रारीनंतर अचानक तुमच्या कामात खोट निघायला लागली, तर तारीखवार टिपून ठेवा. तो वेगळा आणि अनेकदा जास्त सरळ सिद्ध होणारा मुद्दा असतो.

नोकरी सोडण्यावरून नवऱ्याचं बोलणं आठवलं. ‘त्रास होत असेल तर सोडून दे.’ प्रेमानेच म्हणाले असतील. पण हे वाक्य साहेबांच्या वाक्याशेजारी ठेवून बघा. तिथेही तुमची काळजी, तिथेही उपाय म्हणून तुमचीच माघार. त्यांना दुसरा प्रश्न विचारा: महिन्यातले चार दिवस मी बाहेर असेन तर मुलाला आणायला कोण जाईल? डॉक्टरकडे कोण नेईल? याचं उत्तर त्यांच्याकडून तारखांसकट आलं, तर केबिनमध्ये तुमचा आवाज वेगळा लागेल. आणि नाही आलं, तर तुमची निम्मी बोलणी घरात व्हायची आहेत, हे आधीच कळलेलं बरं.

त्या वरिष्ठ बाईंवर रागावू नका. त्यांनी जे गिळलं त्याची किंमत कमी होती असं मान्य करणं त्यांना जड जात असेल. पण ‘आमच्या वेळी’ आणि आज यांच्यात जो फरक पडला तो गिळल्याने पडलेला नाही. आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस काम थांबवलं, पगाराचंही आणि घरचंही. शाळा, टेलिफोन, मासळीचे कारखाने अडले, बाप लोक पोरांना घेऊन कचेरीत गेले. त्याच देशात २०१८ मध्ये असा कायदा लागू झाला की पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाने समान कामाला समान पगार देतो हे स्वतः सिद्ध करावं. मला त्यातलं हे आवडतं की शंका घ्यायचं आणि पुरावा गोळा करायचं ओझं बाईच्या डोक्यावरून उतरलं. तिथे तुम्हाला ‘मी जास्त मनावर घेतेय का’ असं पत्र लिहायची वेळ कमी आली असती.

शेवटी ती फुटकळ कामं, जी मला अजिबात फुटकळ वाटत नाहीत. एका कचेरीत मी नऊ वर्षं मीटिंगचं इतिवृत्त लिहिलं. कारण काय, तर माझं अक्षर छान. नऊ वर्षांत माझी मान कागदात. बोलणारे बोलत होते आणि मी त्यांचं बोलणं सुवाच्य करत होते. जुनी वही एकदा चाळली तेव्हा दिसलं की ‘सूचना मांडली’ यापुढे माझं नाव दोनदा आहे.

तुम्ही म्हणाल, मीच हो म्हणते ना. म्हणता, पण का म्हणता ते बघा. लिंडा बॅबकॉक, लिस वेस्टरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गटात कोणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याला काही मिळत नाही, असं काम ठेवलं. स्त्री-पुरुष मिसळलेल्या गटात बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे आल्या. आता पुढचं बघा. गटात फक्त पुरुष ठेवले तर तेही तितक्याच तत्परतेने हात वर करू लागले. म्हणजे सेवाभाव काही बाईच्या रक्तात नसतो. बाई खोलीत असली की ती करील, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बाईलाही. कोणाला सांगायचं ते ठरवणारे, पुरुष असोत वा बाई, तेही बाईकडेच जास्त वळतात.

म्हणून हे काम मुद्दाम बिघडवू नका आणि एका दिवसात टाकूही नका, लगेच ‘बाई रागावल्या’ असं होईल. पाळी लावा. पुढच्या मीटिंगला वेळापत्रकासारखाच एक साधा तक्ता घेऊन जा, इतिवृत्ताचा एक रकाना, वर्गणीचा एक, नव्या मुलांचा एक. वेळापत्रकं लावण्यात तुमचा हात कोण धरणार? तोवरच्या शेवटच्या एक-दोन इतिवृत्तांत मात्र कोणी काय सुचवलं ते नावानिशी लिहा, स्वतःचं नावही. तक्त्यात पहिलं नाव नव्या विभागप्रमुखाचं घाला, तो नाही म्हणणार नाही. तुमचं नाव शेवटी. नऊ जण आहात, म्हणजे पुढचे आठ आठवडे मीटिंगमध्ये तुमचे दोन्ही हात मोकळे असतील.